नळीतही आघाततरंग क्षीण होतो

नळीत आघाततरंगाला, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या व हवेचा दाब एकाएकी वाढवणाऱ्या तरंगाला, पसरायला जागा नसल्याने तो शेवटपर्यंत तितकाच प्रबळ राहतो, हे आघाततरंगांवरील लेखातील विधान अर्धेच खरे आहे. मोकळ्या हवेत तो चहूबाजूंनी पसरून झपाट्याने विरतो, तसे नळीत होत नाही, हे मान्य. परंतु २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेतून ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारा तरंग आपल्या मागच्या हवेचा दाब साडेचारपट करतो आणि तिचे तापमान सुमारे २३० अंशांवर नेतो. ही तापलेली, पुढे धावणारी हवा थंड भिंतीला घासत जाते, भिंतीलगतचा मंदावलेला थर जाड होत जातो आणि तरंगाचा वेग हळूहळू घटतो. नळी जितकी अरुंद, तितकी ही घट अधिक. केसासारख्या बारीक नळीत तर तरंग पाहता पाहता निस्तेज होतो.

रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी १८९९ मध्ये फ्रान्समध्ये नळीच्या उच्च व कमी दाबाच्या भागांमधला पडदा फोडून असे तरंग निर्माण केले, त्याच पद्धतीच्या नळ्या आजही वापरात आहेत. पडदा फुटताच उच्च दाबाच्या भागात उलट दिशेने विरलन तरंग, म्हणजे दाब कमी करत जाणारा तरंग, निघतो, बंद टोकावर आपटून परततो आणि, हा भाग आखूड असल्यास, आघाततरंगाला मागून गाठून त्याचा जोर काढून घेतो. लेखात याचा उल्लेखही नाही, याचे मला अधिक आश्चर्य वाटले.