सरत्या वर्षाचा आढावा कसा घ्यावा

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ३१ डिसेंबरला २०२४च्या आठवणींचा व्हिडिओ दाखवला. मला पहिल्या रांगेत बसवलेलं, त्यामुळे उठताही येईना. तुम्हालाही असा व्हिडिओ करायचा असेल, तर थोडं मार्गदर्शन.

सुरुवात अंबानींच्या लग्नाने करा. आमंत्रण कुणालाच नव्हतं, तरी निम्मा वेळ तिथेच घालवा.

वर्ल्ड कप फायनलमधला सूर्यकुमारचा झेल चार वेळा.

स्वप्नील कुसाळेच्या पॅरिसमधल्या कांस्यपदकाला दोन सेकंद पुरेत. पोरगा नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला हे सांगू नका, उगाच कुणाला अभिमान वाटायचा.

३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचं अभिनंदन इंग्रजीतून करा. स्पीकर एवढा मोठा ठेवा की टिळकवाडीत कुसुमाग्रजांच्या घरापर्यंत ऐकू जावं.

झाकीर हुसेन यांना श्रद्धांजली खात्री व्हायच्या आत वाहा, मग 'ते बरे आहेत' पाठवा, सोमवारी पुन्हा श्रद्धांजली. ग्रुपवर केलंत तसंच.

आणि हो, कांदा. कांदा अजिबात घेऊ नका. मी विचारलं, तर उत्तर आलं, "काका, निगेटिव्ह नको, नवीन वर्ष आहे!" बरोबर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, लिलाव बंद पडले, ते निगेटिव्ह. इथला माल सडत असताना एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी, तेही निगेटिव्ह. बंदी उठली ४ मे रोजी, ती कशी? टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि वर ४० टक्के निर्यात शुल्क! म्हणजे दार उघडायचं आणि उंबऱ्यावर भिंत बांधायची. लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, एक शिक्षक निवडून आले, ते काय लग्नाच्या व्हिडिओमुळे? सप्टेंबरमध्ये किमान दर काढला आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं, तेव्हा विधानसभा तोंडावर होती. सगळं वर्ष या एका पिकाभोवती फिरलं, आणि लासलगावपासून दोन तासांवर बसून तुम्हाला ते दिसलं नाही?

दिसलं होतं. किलोला सत्तर झाले तेव्हा ग्रुपवर बोंब कुणी मारली होती? तेव्हा नव्हतं ते निगेटिव्ह! तुमच्यातल्या निम्म्यांचे सातबारे अजून निफाड-चांदवडला आहेत. भाऊ तिथे ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा होता, त्याचा एक फोटो लावायला लाज वाटली? वर्गणी माझीही होती त्या व्हिडिओत. ती परत करा.