घोडेचोर मेरी आणि आमचं कोतवाल बुक

ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर एका घोडेचोर बाईचं चित्र आहे. मेरी रीबी, जन्म लँकेशरचा. तेराव्या वर्षी पोराच्या वेशात घोड्यासकट पकडली गेली, तेव्हा ‘जेम्स बरो’ असं नाव ठोकून दिलं. सात वर्षांची हद्दपारी झाली. १७९२ साली सिडनीत उतरली. १८११ मध्ये नवरा वारला, पदरात सात मुलं. तरी धंदा असा चालवला की वसाहतीतल्या बड्या व्यापाऱ्यांत तिची गणना होऊ लागली. १८२८ च्या शिरगणतीत या बाईंनी बेधडक लिहवलं, ‘१८२१ साली स्वतंत्रपणे आले.’ खोटंही नाही म्हणा. त्या वर्षी त्या इंग्लंडची वारी करून परतल्या होत्या!

१७८८ ते १८६८ या काळात असे सुमारे १,६२,००० कैदी इथे ऑस्ट्रेलियात आणले गेले. त्यांच्या नोंदींत उंची आहे, डोळ्यांचा रंग आहे, अंगावरचं गोंदण आणि व्रणसुद्धा आहेत. मधल्या पिढ्यांनी हे सगळं दडवलं. आता माझा एक सहकारी मेंढीचोर खापरपणजोबांच्या नोंदीचं पान फ्रेम करून दिवाणखान्यात लावतो आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो.

आपल्याकडेही सध्या पूर्वजांचा शोध जोरात आहे. २०२३ पासून, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने, तहसील आणि शाळांतली जुनी दप्तरं कुणबी नोंदींसाठी उघडली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. आरक्षणाचं राजकारण ज्याचं त्याने ठरवावं; सिडनीत बसून मी त्यावर बोलणं बरं दिसत नाही. माझा मुद्दा पानाच्या उरलेल्या भागाचा आहे.

गावाकडच्या दादाने कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीच्या, पानाचा फोटो पाठवला, तोही जातीच्या रकान्यापुरता कापलेला. सोबत शाळेच्या जनरल रजिस्टरचं पान होतं. त्यात पणजोबांच्या धाकट्या भावाची नोंद. शाळा सोडण्याचं कारण : ‘पळून गेला’. हेच ते, ज्यांचं नाव निघालं की आजी विषय बदलायची. तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे म्हणतात. मी दादाला अख्खं पान मागितलं. तो म्हणाला, “आरं, आपलं काम झालं की. बाकीचं काय करायचंय?”

दादाचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. सहकाऱ्याच्या मेंढीचोराने आज कुणाचं काही अडत नाही. आपल्याकडे चुलत आजा फडात होता की नव्हता, यावरून अजून सोयरीक मोडू शकते. रजिस्टरच्या त्याच पानावर वरच्या ओळीत कुणाच्या बापाचा रकाना कोरा असेल, तर गावाला तेवढं पुरतं. आणि ऑस्ट्रेलियातला हा मोकळेपणाही सगळ्यांच्या वाट्याला आलेला नाही. इथल्या सरकारने आईबापांपासून तोडलेल्या इथल्या आदिवासी मुलांसाठी सरकारी दप्तरं ही हौस नाही. आई कोण, गाव कुठलं, हे शोधायला त्यांना तेच कागद उपसावे लागतात. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालात हे सगळं नोंदलं आहे. आमच्या दादाची धावपळ मेंढीचोराच्या नातवापेक्षा या लोकांच्या जवळची आहे.

तरीही दप्तर पुन्हा बांधून ठेवायला माझा विरोध आहे. सापडलेल्या कुणबी नोंदी कितीतरी जिल्ह्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर टाकल्या. म्हणजे स्कॅनर आहे, मोडी जाणणारी माणसं आहेत, जागाही आहे. मग शंभर वर्षांपूर्वीची रजिस्टरं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत का टाकू नयेत? आधी अख्खं रजिस्टर स्कॅन करा, जातीचा रकाना ज्याला हवा तो त्यातून काढून घेईल. अलीकडच्या नोंदी खुशाल झाकून ठेवा. पण ढोलकीवाल्या आजोबांना जाऊन किती काळ लोटला! त्यांच्यामुळे आता कुणाचं लग्न अडत असेल, तर ते स्थळच नको.