कापलेली स्प्रिंग ओरिजिनल राहत नाही

जुन्या फियाट ११०० आणि पद्मिनीवाल्यांत एक सल्ला सतत फिरतो: "पुढच्या स्प्रिंगचा दीड वेढा कापा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमधला एक पाटा काढा. गाडी खाली बसते, मऊ चालते, खर्च नाही, आणि पार्ट ओरिजिनलच." काही जण याच यादीत अॅम्बॅसेडरही घालतात. तिच्या मूळ रचनेत पुढे कापायला वेढ्यांची कॉइल स्प्रिंगच नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा सरळ दांडा. सल्ला देणारा गाडीखाली किती वेळा शिरला असेल, ते यावरून समजा.

"मऊ चालते." नेमकं उलटं होतं. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. आठ चालू, म्हणजे प्रत्यक्ष दबणाऱ्या, वेढ्यांतले दीड गेले तर ती सुमारे २३ टक्के कडक होते. शॉकअॅब्सॉर्बर तेच जुने, त्यामुळे खड्ड्यानंतर डोलणं वाढतं. बंपस्टॉप, म्हणजे चाक फार वर आलं की त्याला अडवणारा रबरी ठोकळा, तिथपर्यंतचं अंतरही घटतं. रबरावर धाडकन आपटण्यालाच मग लोक "टाइट सस्पेन्शन" म्हणतात.

"दीड वेढा." हा आकडा कुणी मोजून काढला? स्प्रिंग चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मच्या मधे बसते, चाक टोकाला असतं. स्प्रिंग बरोबर मध्यावर असेल तर तिथले २० मिमी चाकाशी ४० मिमी होतात. कापायचीच असेल तर एका वेळी पाव वेढा, दोन्ही बाजूंना सारखा. परत बसवा, गाडी पुढेमागे ढकला, हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. कटिंग डिस्क वापरा, गॅस नको: तापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढे तिथेच बसते किंवा तुटते.

मग गाडी स्टँडवर घ्या, पुढची चाकं लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. फिरली तर ती आखूड झालीय. एखाद्या उंचवट्यावर चाक लटकलं की स्प्रिंग तिच्या बैठकीतून सुटू शकते.

"एक पाटा काढा." मागे पाटे फक्त वजन पेलत नाहीत, अॅक्सलही धरून ठेवतात. मेन पाट्याखालचा दुसरा पाटा काढला तर ब्रेक दाबताना मेन पाटा 'एस'सारखा वळतो आणि डोळ्याजवळ (टोकाच्या गोल वळणाजवळ) तडकतो. शिवाय पाटे आवळून धरणारे सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नव्या जाडीला लांब पडतात.

बऱ्याचदा तर कापायची गरजच नसते. दुरुस्तीत इंजिन, सीटा, काचा बाहेर असताना गाडी उंच दिसणारच. सस्पेन्शनच्या सांध्यांतले नवे रबर बुश चाकं लोंबत असताना आवळले तरी ती उंच राहते. ते बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळावेत.

"पार्ट ओरिजिनलच." २०२१ च्या केंद्रीय नियमांत विंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार न झालेली गाडी. स्प्रिंगचं नाव त्यात नाही, खरंय. पण ११०० ला वेगळी चेसिस नाही, त्यामुळे गाडी खाली बसवायला शॅकलचा (मागचे पाटे बॉडीला जोडणाऱ्या कडीचा) ब्रॅकेट हलवून वेल्डिंग केलं की हात थेट बॉडी शेललाच लागतो.

त्यापेक्षा मूळ स्प्रिंगा ग्रीस लावून गुंडाळून ठेवा आणि स्प्रिंगवाल्याकडून नवी जोडी वळवून घ्या. त्याला तारेची जाडी, आतला व्यास, वेढे आणि मोकळी लांबी लिहून द्या. जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा, रंग खरवडून: वेढ्याचा सरासरी व्यास तोच राहून तार १० टक्के जाड झाली तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते.