रस्ता काही रोमनांनी शोधलेला नाही

सोलापुरातल्या सात रस्ता भागातल्या आमच्या सकाळच्या फिरायच्या गटावर आठवडाभर एक मजकूर फिरतोय. त्यातले दावे तीन: रस्ते बांधायची कला रोमनांनी शोधली, इंग्रज येईपर्यंत भारतात नुसत्या पाऊलवाटा होत्या, आणि मॅकॅडम नावाच्या इंग्रजानं डांबरी रस्ता शोधला. माझी उभी नोकरी सोलापूर जिल्ह्यात रस्त्याच्या कामांवर गेली, त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही.

रोमनांचा प्रसिद्ध ॲपियन रस्ता सुरू झाला इ.स.पू. 312 मध्ये. इंग्लंडात सॉमरसेटच्या दलदलीत सापडलेली फळ्यांची वाट त्याहून साडेतीन हजार वर्षं जुनी. लाकडातल्या वर्तुळांवरून तिचं साल इ.स.पू. 3807-06 असं काढता आलं. इजिप्तमध्ये फायूमजवळ खाणीतला बेसाल्ट वाहून न्यायला पिरॅमिडांच्या काळातच फरसबंद रस्ता केला होता. इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याचा, आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसपासून इराणातल्या सूसापर्यंतचा राजमार्ग सुमारे 2,500 किलोमीटरचा, तोही ॲपियनच्या आधीचा. रोमनांचं मोठेपण वेगळं आहे: साम्राज्यभर रस्त्यांचं जाळं विणलं आणि ते शतकानुशतकं राखलं. तेवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

दुसरा दावा मला जास्त लागला. मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी आखीव रस्ते होते, कडेनं विटांनी झाकलेली गटारं होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुठला रस्ता किती दंड (लांबीचं जुनं माप) रुंद हवा ते दिलंय. अशोकानं रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदल्या, आणि तसं शिलालेखात कोरून ठेवलं. लांब कशाला, आपल्या बार्शीच्या पलीकडचं तेर बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात ते ‘तगर’ म्हणून येतं: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तिथला माल गाड्यांतून भडोचला जातो. पाऊलवाटेनं गाड्या जात नाहीत.

पण त्याच वर्णनात असंही आहे की या गाड्या रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून जातात. हे वाक्य झाकून ‘आपल्याकडं सगळे रस्ते पक्केच होते’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. लांबच्या वाटा बहुतेक कच्च्याच होत्या, आणि त्याचं एक कारण आपल्या पायाखाली आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसता दगड टाकला तर दोन पावसाळ्यांत पोटात घेते. खाली मुरमाचा चांगला थर आणि कडेला चर नसेल तर आजही रस्ता टिकत नाही. गाड्यांच्या चाकांनी पडलेली चाकोरी हाच शेकडो वर्षं आपला रस्ता होता. तो शब्द भाषेत उगाच राहिला नाही.

आता मॅकॅडम. तो इंग्रज नव्हे, स्कॉटिश. 1836 मध्ये वारला, आणि त्याच्या पद्धतीत डांबर नव्हतंच. त्याचं म्हणणं साधं होतं: खालची जमीन कोरडी राहिली तर तीच भार पेलते, म्हणून रस्ता आजूबाजूपेक्षा उंच ठेवा, पाणी काढून द्या आणि वर बारीक फोडलेली खडी घाला. एक दगड सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे 170 ग्रॅमपेक्षा, जड नको. तेव्हा हे दगड माणसं बसून हातोडीनं फोडत. आपल्याकडं हे काम वडार समाजातल्या बायाबापड्यांनी उन्हातान्हात केलंय. या मजकुरात त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा नाही.

डांबर घोळलेल्या खडीचं पेटंट दुसऱ्याच माणसानं, एडगर हूलीनं, 1902 मध्ये घेतलं. आणि नैसर्गिक डांबर तर बाबिलोनच्या मिरवणूक-मार्गाच्या विटा बसवायला अडीच हजार वर्षांपूर्वीच वापरलं होतं. खेड्यात ज्याला आपण डब्ल्यूबीएम (वॉटर बाउंड मॅकॅडम, म्हणजे पाणी मारून बसवलेल्या खडीचा रस्ता) म्हणतो, त्यातला शेवटचा एम म्हणजे मॅकॅडम. खडी पसरायची, रोलर फिरवायचा, मुरूम टाकून पाणी मारायचं, पुन्हा रोलर. त्यात डांबराचा थेंबही पडत नाही.