चार दिव्यांवर भरवसा ठेवायचा, आणि रात्री दोनला घामानं उठायचं

गाडीत घर करून देणाऱ्या या लोकांना एकदा मे महिन्यात नळदुर्गला, बंद पंख्याखाली झोपवलं पाहिजे. त्यांच्या डिझायनरसकट.

टेंपो ट्रॅव्हलर घ्यायची, सीटा काढायच्या, पलंग, फ्रिज, बेसिन बसवायचं, छताला जांभळ्या लाइटची पट्टी मारायची (कशाला? आत डीजे लावायचाय का?), खाली दीडशे ॲम्पिअर-अवरची बॅटरी आणि इन्व्हर्टर टाकायचा. इथवर ठीक. पण बॅटरीत किती उरलंय हे कळायला दिलं काय? चार दिवे. तीन हिरवे, एक लाल. झालं यांचं मॉनिटरिंग!

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणी बघितलेली माणसं आम्ही. टाकीत काठी बुडवून किती उरलंय ते पाहिल्याशिवाय नळ सोडत नाही. आणि ही एवढी महागडी बॅटरी वापरायची ती अंदाजपंचे!

बरं, दिवे खरं तरी बोलावेत. गाडी पळत असते तेव्हा इंजिनावर चालून बॅटरी भरणारा आल्टरनेटर चौदाच्या आसपास व्होल्ट ढकलत असतो, म्हणून बॅटरी अर्धी असली तरी सगळे दिवे पेटलेले. मुक्कामाला थांबलो, फुल्ल दिसतेय म्हणून फ्रिज चालू, पंखा चालू. रात्री दोनला इन्व्हर्टर किंचाळायला लागतो. पंखा बंद. सासूबाई उठून बसतात, "जावईबापू, लाइट गेली का हो?" काय सांगू? घरी निदान लोडशेडिंगचं टाइमटेबल तरी असतं.

उलटंही होतं. चटणीला मिक्सर लावला की एकदम लाल. घाबरून सगळं बंद करावं, तर थोड्या वेळानं पुन्हा तीन हिरवे, जसं काही झालंच नाही.

कारण तो दिवा चार्ज बघतच नाही, व्होल्टेज बघतो. लेड-ॲसिड बॅटरीचं व्होल्टेज खरं बोलतं ते ती काही तास निवांत पडली तर, आत काही येत नाही आणि बाहेर काही जात नाही अशा वेळी. तेव्हा १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. भरलेली आणि अर्धी यात फक्त अर्ध्या व्होल्टचा फरक! आणि गाडीत बॅटरी निवांत असते कधी? दिवसा वरून सोलर, रात्री फ्रिज. बेचाळीस डिग्रीत सगळं बंद करून तीन-चार तास बसू का मी, व्होल्टेज बघायला?

वर शहाणे सांगतात, लिथियम टाका. टाका की! तिथं तर बराच काळ तेरा-सव्वातेराच दिसतं आणि शेवटी धाडकन खाली येतं. व्होल्टमीटर तिथं आणखीच बिनकामाचा.

इलाज कोणालाच माहीत नाही असंही नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर शंट, म्हणजे करंट मोजणारा छोटासा तुकडा, बसवायचा. किती ॲम्पिअर आत आले, किती गेले, सगळं मोजून तो स्क्रीनवर टक्के दाखवतो. सगळ्या निगेटिव्ह वायरी त्याच्यातूनच गेल्या पाहिजेत, नाहीतर वळसा घालून गेलेलं त्याला दिसत नाही. अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून आकडा शंभरावर आणायचा. एवढंच. पण आमच्या कारागिराला विचारलं तर म्हणे, "गरज नसते साहेब, आपण कुणालाच लावत नाही." जांभळी पट्टी मात्र सगळ्यांना!

बॅटरीवाला त्याच्यावर कडी. फुगा दाखवतो, "वर हाय की भैय्या, बॅटरी टकाटक हाय." अरे बाबा, तो फुगा पाण्याची पातळी दाखवतो! चार्ज बघायचाय तर हायड्रोमीटर घाल, ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, बघ. तर त्याचा हायड्रोमीटर "इथंच कुठंतरी ठिवलाय".

आणि वर्षभरात बॅटरी बसली की हेच लोक मान हलवतात, "तुम्ही लै खाली नेली, डीप डिस्चार्ज झाली, वॉरंटीत बसत नाही." सारखी निम्म्याखाली गेली की प्लेटांवर सल्फेट धरतं, हे मलाही कळतं हो. पण निम्मं कुठं आलं हे दाखवणारं यंत्र तुम्हीच दिलं नाही आणि दंड मी भरायचा? वा रे न्याय!

कोणी गाडी करायला टाकणार असाल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी एवढंच विचारा, शंट लावणार का. "दिवे आहेत की साहेब" असं उत्तर आलं तर चहा पिऊन सरळ उठा.