पैसे घ्या, पण द्या!

मला डिझाइनचं एक सॉफ्टवेअर विकत घ्यायचं आहे. पैसे मोजून, पावती घेऊन, जीएसटीसकट. हे वाक्य मी आमच्या गिरगावात मोठ्याने म्हणते तेव्हा ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे. घरात सगळं ठीक आहे ना, अशा नजरेने. ज्या शहरात एके काळी लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर जगातलं झाडून सगळं सॉफ्टवेअर कोऱ्या सीडीच्या भावात मिळायचं, त्या शहरात एक बाई पाकीट उघडून उभी आहे आणि तिला कोणी माल देत नाही. कारण तिच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम आहे.

ते काही मी हौसेने आणलेलं नाही. मी लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, दहीहंडीचे बॅनर आणि दुःखद निधनाचे फलक करते. (शेवटचं काम सगळ्यात घाईचं आणि त्यात फोटो सगळ्यात वाईट. कुठल्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून आजोबांना कापून काढायचं आणि त्यांच्या खांद्यावर राहिलेला कुणा काकूंचा हात पुसायचा.) 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा अधिकृत सपोर्ट संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 नावाचं सुरक्षेचं हार्डवेअर लागतं, ते माझ्या मशीनमध्ये नाही. मशीन मात्र ठणठणीत. नवीन घ्यायचं म्हणजे एका सबंध लग्नसराईची कमाई.

“मावशी, फेकू नकोस,” भाचा म्हणाला. तो माटुंग्याला इंजिनिअरिंग करतो. एका रविवारी पेनड्राइव्ह घेऊन आला, माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाता खाता त्याने लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार चढवला आणि तूप-जिऱ्याचा हात पुसून निघून गेला.

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. मशीन तरतरीत झालं. ऐन कामाच्या मध्यात ‘कृपया बंद करू नका’ म्हणत टक्के मोजत बसणं थांबलं. मराठी पहिल्या दिवसापासून नीट. मुंबईच्याच एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे फुकट मिळणारे फॉन्ट घातले, तर ‘चि. सौ. कां.’पासून ‘कृपाभिलाषी’पर्यंत एक जोडाक्षर फुटलं नाही. मग मी भाच्याला फोन केला. “अरे, फोटोशॉप कुठे टाकलंस? दिसत नाहीये.”

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. “मावशी, गिंप आहे ना.”

लिनक्सच्या राज्यात तुम्ही काहीही मागा, उत्तरात एक ‘आहे ना’ येतं. चित्रं आखायचं इलस्ट्रेटर? इंकस्केप आहे ना. पानं लावायचं इनडिझाइन? स्क्रायबस आहे ना. आणि ते सगळं खरंच असतं, हीच तर पंचाईत! गिंप 1995मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी करायला घेतलं. मूळ चित्राला धक्का न लावता त्यावर इफेक्ट चढवायची आणि नंतर बदलायची सोय त्यात मार्च 2025मध्ये, 3.0 आवृत्तीत आली. फोटोशॉपमध्ये तशीच सोय देणाऱ्या अ‍ॅडजस्टमेंट लेयर 1996पासून आहेत. मधे 29 वर्षं गेली. माझं गिऱ्हाईक 29 मिनिटं थांबत नाही.

आणि रंगांचं काय? पडद्यावर रंग लाल-हिरव्या-निळ्या उजेडाचे असतात, छापखान्यात चार शायांचे. गिंपमध्ये काम करायचं ते पडद्याच्याच रंगांत. शाईत तो रंग कसा दिसेल याचा अंदाज ते दाखवतं, फाईलही बदलून देतं, पण थेट शायांच्या हिशोबात बसून काम करू देत नाही. कृता नावाचं दुसरं फुकट सॉफ्टवेअर करू देतं, पण ते मुळात चित्रकारांचं. स्क्रायबस तर छापखान्यासाठीच बनलंय, मात्र त्यात आजोबांच्या खांद्यावरचा हात पुसता येत नाही. एका पत्रिकेवर मी झकास कुंकवाचा लाल घेतला होता, तो छापून आला विटकरी. वराच्या आईने पत्रिका उजेडात धरली, सावलीत धरली, मग फक्त “हं” म्हणाल्या. त्या ‘हं’नंतर बिलातून पैसे कापले जातात हे या धंद्यात कोणाला सांगावं लागत नाही.

“सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला आहे मावशी,” भाचा म्हणाला. “कुणीही सुधारू शकतं.”

“कुणीही म्हणजे कोण रे? मी? सकाळी पत्रिका, दुपारी गिंपची दुरुस्ती?”

ही मंडळी स्वतःच्या वेळात, बहुतेक पदरमोड करून एवढं उभं करतात, त्यांना माझा खरंच नमस्कार. पण नमस्कार केलेल्या माणसावर ओरडता येत नाही. फुकट वस्तूचं खरं दुखणं ते आहे. मला पैसे द्यायचे आहेत ते अशासाठी, की उद्या रंग विटकरी आला तर हक्काने कोणावर तरी चिडता यावं.

बरं, लिनक्सवर हे चालतच नसेल म्हणावं, तर आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा गोरेगावला सिनेमाच्या व्हीएफएक्स, म्हणजे दृश्यांच्या करामती करणाऱ्या, स्टुडिओत रात्रपाळी करतो. मी माझं गाऱ्हाणं सांगितलं तर म्हणाला, “काय काकू, आमच्याकडे सगळं लिनक्सच तर आहे!” न्यूक लिनक्सवर, माया लिनक्सवर, हुडिनी लिनक्सवर. चांगली महागडी, विकतची सॉफ्टवेअरं. सिनेमावाले पूर्वी सिलिकॉन ग्राफिक्सच्या मशीनवर काम करत, त्यांच्यात आयरिक्स नावाची युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्याच, जातकुळीतली सिस्टीम असे. 2000च्या आसपास ते लिनक्सवर आले आणि सॉफ्टवेअरवाले मुकाट त्यांच्या मागोमाग आले. आता हा मुलगा रात्रभर हिरोच्या पाठीला बांधलेली तार पुसतो. मी आजोबांच्या खांद्यावरचा हात पुसते. काम तेच. फरक एवढाच, की त्याचा शेठ लायसन्सं घाऊक घेतो आणि मी एक मागते.

नंतर जे कळलं त्याने मात्र डोकंच फिरलं. फोटोशॉप नव्वदच्या दशकात काही काळ त्याच आयरिक्सवर मिळत होतं, सोलारिस या तशाच दुसऱ्या सिस्टीमवरही. आणि पत्रिका-बॅनरवाल्यांचं कोरलड्रॉ करणारी कोरल कंपनी! 1999मध्ये कोरलने स्वतःचं लिनक्स काढलं होतं. 2000मध्ये लिनक्ससाठी कोरलड्रॉ 9 बाजारात आणलं होतं. म्हणजे मी जे मागतेय ते काही आकाशातले तारे नव्हेत, 25 वर्षांपूर्वी डब्यात घालून विकलेली वस्तू आहे. भाच्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ज्या वाईनच्या आधाराने कोरलने ते साधलं, त्याच वाईनवर बेतलेल्या प्रोटॉनमुळे 2018पासून भाच्याचे विंडोजवाले खेळ लिनक्सवर पळतात. शत्रूची मुंडकी उडतात, रक्ताचा लाल अगदी बरोब्बर दिसतो. पत्रिका तेवढी होत नाही.

मागणीच नाही, असं म्हणतात. ती दिसणार कशी? आमच्या चाळीत निम्म्या लोकांचं आयुष्य मुंबईत गेलं, पण रेशनकार्डावर नाव गावचंच. सरकारदरबारी ते कोकणात. तसंच माझं. धंदा बुडू नये म्हणून मी दुसऱ्या डिस्कवर जुनं विंडोज ठेवलंय, इंटरनेट तोडून, फक्त विकत घेतलेल्या कोरलसाठी. त्यामुळे माझी पावती विंडोजच्या खात्यात. ज्यांना लिनक्सवर सॉफ्टवेअर हवंय ते सगळे असेच विंडोजचे गिऱ्हाईक म्हणून मोजले जातात. आणि ज्यांनी फुटपाथवरून घेतलं ते तर कुठेच मोजले जात नाहीत, पण त्यांचं काम कसं झोकात चाललंय!

कोरल ठेवावंच लागतं, कारण आमच्या धंद्यात कोणी माणसाची जात विचारत नाही, फाईलची विचारतात. खाडिलकर रोडवर पत्रिकांच्या दुकानात जा नाहीतर कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे, पहिला प्रश्न एकच: सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची फाईल, आहे का? इंकस्केप सीडीआर उघडतं, पण सीडीआर करून देत नाही. म्हणून माझा दिनक्रम असा, की लिनक्सवर डिझाइन करायचं, मशीन बंद करायचं, विंडोजमध्ये उठवायचं, कोरलमध्ये घ्यायचं, अक्षरं कर्व्ह करायची (म्हणजे समोर फॉन्ट नसला तरी बिघडू नयेत म्हणून त्यांचे नुसते आकार करायचे), आणि मग सेव्ह करायचं व्हर्जन 13मध्ये. ते 2006चं. फ्लेक्सवाल्याकडे तेच आहे. त्याने ते विकत घेतलंय का, असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

परवा मंडळाचा बॅनर होता, दहा बाय वीस. वरच्या ओळीत नेत्यांचे फोटो किती मोठे ठेवायचे यावर कार्यकर्त्यांचं एकमत होईपर्यंत रात्र झाली. शेवटी हे सगळे सोपस्कार करून मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. काउंटरवरच्या पोराने विचारलं, “ताई, सीडीआरच आहे ना?”

“आहे. व्हर्जन 13. कर्व्ह केलेली.”

त्याने फाईल उघडली, समाधानाने मान हलवली, एक्स्पोर्टवर क्लिक करून तिची जेपीजी केली आणि ती जेपीजी मशीनला देऊन टाकली.

“अरे, मग मी जेपीजीच आणली असती की!”

“नाही ताई,” तो म्हणाला, “जेपीजी आम्ही घेत नाही.”