'दोन दगडांवर पाय' म्हणणाऱ्या पालकांना उत्तर

'एक पालक, घोडबंदर रोड' यांस,

न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचं विज्ञान, आणि मानसशास्त्र पदवीला एकत्र शिकण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं, पण खाली पाच-सहा जणांनी 'अगदी बरोबर' लिहिलेलं पाहून राहवलं नाही. तुमचं म्हणणं असं: 'मॅडम!! हे म्हणजे दोन दगडांवर पाय. मूल ना धड सायकॉलॉजिस्ट होणार, ना धड शास्त्रज्ञ. इथे नोकऱ्या नाहीत, परवाना मिळत नाही, परदेशातली फी परवडत नाही. घरबसल्या दुसऱ्यांच्या मुलांना सल्ले देणं सोपं असतं.' शिवाय लोखंडी कांब डोक्यातून आरपार गेलेल्या फिनिअस गेजच्या अपघाताचं साल मी चुकवल्याचंही तुम्ही दाखवून दिलंत.

साल चुकलंच होतं. १८४८च्या जागी १८६८ पडलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता 'घरबसल्या'. मी अठरा वर्षं नौपाड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते आहे. तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नाही. पण माहीत नसताना माणूस आधी विचारतो, दोन उद्गारचिन्हं ठोकत नाही. मतभेद असू द्या. या भाषेत मी माझ्या विद्यार्थ्यालाही कधी बोललेले नाही.

आणि मी हे का लिहिते तेही ऐका. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. चहा हवा असला तरी 'ते... ते...' यापुढे गाडी जायची नाही. पण तिन्हीसांजेला आईने दिवा लावून 'शुभं करोति' सुरू केलं की बाबांच्या तोंडून अख्खा श्लोक यायचा, एकही शब्द न अडखळता. डॉक्टरांनी स्कॅनवर बोट ठेवून सांगितलं, इथे रक्त पोचलं नाही. पुढचा पेशंट बाहेर उभा होता. मग एका समुपदेशकांकडे नेलं, तर ते म्हणाले, श्लोक येतो म्हणजे बोलता येतं, ते रुसलेत, प्रयत्न करत नाहीत. मी मानसशास्त्रात एमए. मी घरी येऊन बाबांवर ओरडले, 'येतंय की तुम्हाला, मुद्दाम करता!' त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी विसरू शकत नाही.

पाठ असलेलं म्हणणं आणि नवं वाक्य जुळवणं ही मेंदूची एकच कामगिरी नव्हे. डावीकडच्या भाषेच्या भागाला इजा झाली तरी पाठांतर, गाणं, मोजणी पुष्कळदा शाबूत राहते. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने पॅरिसमध्ये 'टान' एवढंच म्हणू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासला ते साल १८६१. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट! माझ्या बीएच्या पुस्तकात मेंदूचं एकच प्रकरण होतं, आकृती काढून नावं दिली की गुण. वागणं एका पुस्तकात, मेंदू दुसऱ्या पुस्तकात, आणि माझे वडील दोन्हींच्या मधे. तुम्ही ज्याला दोन दगड म्हणता ते एकाच माणसाचं डोकं आहे.

शास्त्रज्ञ होत नाहीत म्हणालात. २०१४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल बघा. आपण कुठे आहोत हे मेंदूला कसं कळतं या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना ते मिळालं. ओकीफ यांची डॉक्टरेट मानसशास्त्रातली, मोझर दोघेही ऑस्लोत मानसशास्त्र शिकलेले. तिघांनीही उंदराच्या मेंदूत सूक्ष्म तारा बसवून एकेका पेशीचा आवाज ऐकला. ते कुठल्या दगडावर उभे होते, सांगा.

हेन्री मोलेसन या रुग्णाचं उदाहरण तर मी मुलांना दरवर्षी सांगते. १९५३मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराच भाग काढला आणि नवं काही लक्षात राहणं थांबलं. काय काढलं ते सर्जनला माहीत होतं. काय उरलं ते शोधलं ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा, हे मी कधी केलेलं नाही. आठवण आणि हाताची सवय मेंदूत वेगळ्या वाटांनी साठते हे त्या कागद-पेन्सिलीतून कळलं. नुसती चिरफाड जाणणाऱ्याला ही चाचणी सुचली नसती, आणि नुसत्या मनावर बोलणाऱ्याला तिचा अर्थ लागला नसता. मेंदूच्या रंगीत स्कॅनचंही तेच. एफएमआरआय पेशींचं काम थेट दाखवत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा फरक दाखवतं, तोही काही सेकंद उशिरा. ते ज्याला माहीत नाही आणि प्रयोगाची मांडणीही येत नाही, तो लाल ठिपका बघून वाट्टेल ते सांगतो. व्हॉट्सअॅपवर रोज येतंच.

परवान्याचं म्हणाल तर नुसत्या मानसशास्त्राच्या साध्या बीएवरही तो मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला पुढे आरसीआय-मान्य (भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं) प्रशिक्षण लागतंच. फी आणि नोकऱ्यांचं प्रत्येकाने आपापल्या घरात बसून ठरवावं, मी कोणाच्या खिशात हात घातलेला नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतली शेवटची ओळ मात्र कोणीच उचलली नाही: 'माझी मुलगी दहावीत आहे, तुमचं वाचून हेच घेऊन बसली आहे.' मग हे आधी लिहायचं होतंत. तिला अकरावीला बायोलॉजी आणि गणित दोन्ही ठेवू द्या. मानसशास्त्र घेतलं म्हणजे गणित सुटलं असं समजणारी मुलं पहिल्याच वर्षी स्टॅटिस्टिक्सला अडतात, आणि बायोलॉजी नसेल तर न्यूरोसायन्सचे कितीतरी दरवाजे आधीच बंद होतात. गुरुवारी संध्याकाळी सहानंतर माझा वर्ग नसतो. तिला घेऊन या. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल.